पावसानंतर द्राक्षाचे मणी तडकतात, त्याचा पेशीपटलाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. निफाड-दिंडोरीकडे काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी देठाजवळ चिरलेले मणी दिसतात. पिकलेल्या मण्याच्या गरात १८-२० ब्रिक्सच्या (म्हणजे साधारण १८-२० टक्क्यांच्या) आसपास साखर असते, पावसाच्या पाण्यात जवळपास शून्य. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, पाण्याला वाट देतं, साखरेला सहजी देत नाही. मग साखर बाहेर येण्याऐवजी पाणीच आत शिरतं. हेच परासरण. सालीतून आणि मुळांवाटेही पाणी येत राहतं, आतला दाब वाढतो आणि साल ताणून ताणून फाटते.

पाणी पटलातून जातं ते बरंचसं ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड पटलातून असेच आरपार जातात, त्यांना नळी लागत नाही.

या सगळ्यात पेशीची ऊर्जा खर्च होत नाही. उताराला लागलेलं पाणी मोटार न लावता वाहतं, तसंच. चढावर न्यायचं तर मोटार हवी: आपल्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो.

बेदाणे भिजवल्यावर मात्र पाणी गोड का होतं, असं कुणी विचारेलच. वाळताना पेशी मरतात, पटलं फुटतात, मग साखरेला अडवणार कोण?