हाडापर्यंत मीठ पोचलं का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, घरच्या डुकराचा मागचा फरा हाडासकट खारवला. सात किलोचा होता. मीठ चोळून दहा दिवस ठेवला, मग चार दिवस धुरी दिली. वरून रंग सुरेख आला, पण कापला तर हाडाजवळ करडा-हिरवट आणि आंबूस वास. धूर कमी पडला का? वरवरचं मांस खाल्लं तर चालेल?

उत्तर: नाही चालणार. अख्खा फरा खोल खड्ड्यात पुरा, कुत्र्यालाही घालू नका. इतके महिने पोसलेल्या जनावराचा घास मातीत घालताना जीव तुटतो, पण इथे हळहळत बसू नका.

धुराला मात्र बोल लावू नका. धुरातली रसायनं मांसाच्या वरच्या थरापुरतीच काम करतात. आतला भाग राखतं ते मीठ, आणि मीठ तिथवर पोचेपर्यंत थंडी. तुमच्याकडे हे दोन्ही कमी पडलं. फऱ्याच्या गाभ्यात उष्णता फार वेळ टिकते. वरून हात लावला तर गार लागतो, आणि हाडापाशी अजून कोमट असतो. म्हणून मीठ चोळण्याआधी थर्मामीटरची सुई हाडाला भिडेपर्यंत खुपसून बघा. जनावर कापल्यापासून 24 तासांत तिथला आकडा 4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरायला हवा. पुढे मीठ मुरेपर्यंतही 2 ते 4 अंशच ठेवा. मांस गोठलं की मिठाची वाटचाल थांबते, आणि जास्त ऊब मिळाली की जंतू मिठाच्या आधी हाडाशी पोचतात.

मुदतीचं म्हणाल, तर जाडीच्या दर इंचाला साधारण सात दिवस धरा. तुमचा फरा पाच इंच जाड असेल तर पाच आठवडे झाले. दहा दिवसांत मीठ वाटेतच राहिलं.

अजून एक काम बहुतेक लोक गाळतात. फऱ्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या कडेने एक मोठी रक्तवाहिनी जाते. माझे सासरे मिठाला हात लावण्याआधी दोन्ही अंगठे त्या रेषेवर टेकवायचे आणि खुराकडून कापलेल्या तोंडाकडे रेटत न्यायचे. काळपट रक्ताचा थेंब बाहेर येई, तो पुसायचा, पुन्हा रेटायचं, अगदी कोरडं होईपर्यंत. ते रक्त आत राहिलं की नासायला सुरुवात तिथूनच होते. मग खुराकडच्या टोकाला, हाड आणि कातडी यांच्या फटीत बोटाने मीठ ठासून भरायचं. नुसतं वरून चोळून तिथे काही पोचत नाही.

पुढच्या वेळी हाड काढूनच खारवा, असं मी सुचवेन. अख्खा फरा दिसायला देखणा खरा, पण हात बसेपर्यंत पोटाकडच्या चपट्या तुकड्यांवर शिकलेलं बरं.

प्रश्न: कोवळा बोकड कापून लगेच तुकडे करून डीप फ्रीजरमध्ये टाकला. मटण चिवट निघालं. जातच वाईट होती का?

उत्तर: जातीवर खापर फोडू नका. वरच्या उत्तरात थंडीची घाई करा म्हटलं, आणि इथे थांबा म्हणतेय, हे विचित्र वाटेल. पण कापल्यानंतरही स्नायू काही तास जिवंतासारखे वागतात. त्यांच्यातली साठवलेली साखर संपून आम्ल तयार होतं, मग ते ताठरतात. ते होण्याआधीच कडक थंडी लागली तर स्नायू आखडतात आणि पुढे कितीही शिजवा, सैल होत नाहीत. बोकड-मेंढ्याला हे चटकन होतं, कारण अंग लहान, लवकर गार पडणारं. डुकराच्या स्नायूंत हा सगळा प्रकार लवकर उरकतो, वर चरबीचं पांघरूण असतं, म्हणून त्याला तेवढा धोका नाही.

पहिले दहा तास मांस 10 अंशांच्या खाली नेऊ नका. पण म्हणून उन्हात लटकवूनही ठेवू नका. त्यानंतर थंडीत एक-दोन दिवस टांगा आणि मगच फ्रीजरमध्ये टाका. आणि कापण्याआधी जनावर पळवलं, घाबरवलं, तर ती साखर आधीच संपते, मांस काळपट आणि चिकट होतं. आदल्या दिवशी चारा बंद, पाणी चालू, आणि जनावर शांत, एवढं पाळा.

प्रश्न: क्युअरिंगचं, म्हणजे मांस खारवायचं, गुलाबी मीठ म्हणजे सैंधवच ना?

उत्तर: अजिबात नाही! रंग एकसारखा, एवढंच. क्युअरिंगच्या मिठात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं, आणि जेवणातल्या मिठात मिसळू नये म्हणूनच ते गुलाबी रंगवतात. किलोभर मांसाला 2.5 ग्रॅम पुरतं. शिवाय साधं मीठ, मांसाच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के. अंदाजपंचे टाकू नका, ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा घ्या. नायट्राइट जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. आणि ते टाळून नुसत्या धुरावर भिस्त ठेवली, तर हवा न पोचणाऱ्या गाभ्यात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करू शकतात. त्याला वास येईलच असं नाही. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा, वर ठळक नाव लिहून ठेवा.

प्रश्न: धुरीला लाकूड कुठलं?

उत्तर: फळझाडाचं किंवा कुठलंही कठीण, वाळलेलं. चीडसारखं राळेचं नको, ओलं नको, रंगवलेलं किंवा प्लायवूड तर मुळीच नको. मांस आधी वाऱ्यावर वाळवून बोटाला किंचित चिकट लागेल असं करा, ओल्या मांसावर धूर डागाडागांनी बसतो. पातळ निळसर धूर हवा, पांढरे लोट निघाले तर चव कडू येते. डुकराचं मांस गरम धुरात शिजवणार असाल तर गाभ्यात 63 अंश येऊ द्या आणि तीन मिनिटं तसंच राहू द्या.