कायद्यातली ‘आगळीक’ आणि ‘साधक’ विधान

प्रश्न असा आहे: भारतीय दंड संहितेच्या मराठी प्रतीत अफवा पसरवण्याबद्दलच्या कलम ५०५ च्या मथळ्यात ‘सार्वजनिक आगळीक’ आणि तिला ‘साधक’ विधाने असे शब्द येतात. आगळीक म्हणजे खोडी ना? मग अफवा पसरवणं ही खोडी कशी? आणि विधान ‘साधक’ कसं असेल?

खोडी हा आगळिकीचा मूळ अर्थ नाही. ‘आगळा’ म्हणजे अधिक, वरचढ. सोयरा-सोयरीक, मोकळा-मोकळीक, तशीच आगळा-आगळीक: पायरी सोडून पुढे जाणं, मर्यादा ओलांडणं. परक्या सैन्यानं हद्द ओलांडली की वर्तमानपत्रं ‘सीमेवर आगळीक’ लिहितात, तिथं हा अर्थ अजून शाबूत आहे. (सामान्यरूपात ‘ळ’ला ऱ्हस्व वेलांटी: आगळिकीचा, आगळिकीला. ‘आगळीकीचा’ चूक.)

गोंधळ होतो तो कायद्यातच हा शब्द दोन ठिकाणी आल्यामुळे. कलम ४२५ मधली आगळीक मालमत्तेची आहे: दुसऱ्याची अंगठी मुद्दाम नदीत फेकणं हे तिथलंच उदाहरण. ५०५ मध्ये मालमत्तेचा संबंध नाही. तिथं बिघडते ती लोकांमधली शांतता. इंग्रजी मसुद्यात दोन्हीकडे ‘मिस्चिफ’ असल्यानं मराठीतही एकच शब्द आला. ‘उपद्रव’ घेता आला नसता, कारण ‘सार्वजनिक उपद्रव’ हा कलम २६८ चा वेगळा गुन्हा. हिंदीनं इथं ‘रिष्टि’ घेतला आहे. तो हिंदी वाचणाऱ्यालाही कोशात शोधावा लागतो. त्यापेक्षा आपली आगळीक शतपटीनं बरी. मात्र तिचा ‘खोडी’ असा हलका अर्थ लावू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा अफवेला खोडी म्हणणं भाषेलाही शोभत नाही.

‘साधक’ इथं ‘साधकबाधक’मधला: घडायला अनुकूल. तो शब्द नेमका आहे, कारण दंगल प्रत्यक्ष व्हावीच लागत नाही. उद्देश असला किंवा विधानातून भीती, चिथावणी निर्माण होण्याचा संभव असला तरी पुरतं. म्हणून ‘आगळीक घडवणारी विधाने’ असा सोपा केलेला मथळा अर्थ बदलतो. सोपंच करायचं तर ‘सार्वजनिक शांतता बिघडवू शकणारी विधाने’ म्हणावं. त्यातला ‘शकणारी’ गाळू नये.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३५३ क्रमांकाचं आहे. त्यात ‘खोटी माहिती’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे’ यांची भर पडली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रार्थनास्थळी वैरभाव पसरवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. विधान खरं आहे असं मानायला वाजवी कारण असेल, ते सद्भावनेनं केलं असेल आणि तसा उद्देश नसेल, तर गुन्हा नाही. या तिन्ही अटी एकत्र लागतात. बातम्यांत बहुधा पहिलीच उरते.

आता क्रियापद. मराठीत आवई उठते, कंडी पिकते, अफवा पसरते. ‘अफवा’ हे मुळात अरबी अनेकवचन, अर्थ ‘तोंडं’. कायद्याचा रोख त्या पसरण्यावर आहे. बिलाल अहमद कालू खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की विधान करणं, प्रसिद्ध करणं आणि प्रसृत करणं हे शब्द सुटे वाचू नयेत. नुसतं विधान केल्यानं गुन्हा पुरा होत नाही. म्हणून बातमीत ‘अफवा उठवली’ असं न लिहिता ‘अफवा पसरवली’ असंच लिहावं.