‘समेट’ की ‘सलोखा’?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून विधी शाखेच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे : झिम्बाब्वेच्या राष्ट्रीय शांतता आयोगाच्या कायद्यावर मराठीत टिपण लिहितो आहे. आयोगाच्या इंग्रजी नावात ‘Peace and Reconciliation’ असं आहे. मराठीत ‘शांतता व’च्या पुढे काय लिहू? समेट, सलोखा, की आमच्याकडे म्हणतात तसा समझोता?

माझं मत सलोख्याला. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण तहसीलपर्यंत जातं, मग चार जण बसून ते मिटवतात, आणि पुढच्या हंगामात लोक सांगतात, “त्यायचा समझोता झाला, पन बोलचाल नाई.” समेटाचंही फारसं वेगळं नाही. समेट होतो, घडवून आणतात, फिसकटतो. एका बैठकीत तो उरकू शकतो. सलोखा उरकत नाही. तो नांदतो, टिकतो, बिघडतो. क्रियापदंच सांगतात कोणता शब्द कुठे बसेल.

झिम्बाब्वेत समेट आधीच झाला होता. १९८०च्या दशकात माटाबेलेलँड भागात सरकारी फौजेने हजारो माणसं मारली. तो काळ ‘गुकुराहुंडी’ नावाने ओळखला जातो. डिसेंबर १९८७मध्ये झानू आणि झापू या पक्षांत एकता करार झाला, नेते एकत्र आले. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांचं ऐकून घेण्यासाठी आयोगाची तरतूद मात्र २०१३च्या राज्यघटनेत आली आणि त्याचा कायदा २०१८मध्ये.

मसुद्याच्या दृष्टीने याहून पक्कं कारण आहे. त्या घटनेच्या कलम २५२मध्ये आयोगाची कामं दिली आहेत. त्यात लोकांना भूतकाळाबद्दल खरं बोलायला प्रवृत्त करून राष्ट्रीय पातळीवर सलोखा आणणं हे एक काम, आणि समाजगटांतले, व्यक्तींमधले तंटे मध्यस्थीने सोडवणं हे दुसरं. ‘समेट’ या दुसऱ्या कामासाठी लागणारच. नावातही तोच घातलात तर दोन वेगळ्या कामांना एकच शब्द होईल, आणि वकिलाला तेवढी फट पुरते.

सलोखा सरकारी कागदात परका नाही. एकमेकांच्या जमिनीचा ताबा किमान १२ वर्षं असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्कात करून देणारी राज्याची २०२३ची योजना ‘सलोखा’ नावाचीच आहे.

एक खोट मात्र आहे. गणपती-ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते, तिथे ‘सलोखा राखा’चा अर्थ निव्वळ ‘गडबड करू नका’ एवढाच उरतो. न्याय, भरपाई यांचा त्यात मागमूस नसतो. म्हणून टिपणात व्याख्या द्याच, आपल्या अधिनियमांच्या रूढ शैलीत : ‘सलोखा’ याचा अर्थ, सत्यकथन, झालेल्या हानीची भरपाई व न्याय यांद्वारे समाजगटांमध्ये प्रस्थापित होणारे परस्पर विश्वासाचे संबंध, असा आहे.

आणि ‘शांती’ नको, ‘शांतता’च ठेवा. शांती घराची करतात.