मुलाच्या स्पर्धेचा विषय आणि सासऱ्यांचा अडकलेला कागद

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर मधलं सोडून द्या. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, मुलाच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय, 'शेजारच्या देशातल्या यादवीत भारताने सैन्य पाठवावं का', आणि मुलगा म्यानमारवर बोलणारे, 'पाठवावं' या बाजूने. दुसरी, सासरे 88 साली भारताने पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, पायात अजून छर्रे आहेत, नातवाने त्यांना विषय विचारला तर काही न बोलता गच्चीवर निघून गेले, आणि त्यांचं जखमेचं पेन्शन कुठल्यातरी कार्यालयात अडकलंय. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत, आमच्या घरात मात्र ते एकमेकांत गुंतलेलेच होते.

आधी सांगून ठेवतो, मी नाशिकरोडचा, स्वतः फौजेत नव्हतो, वकील नाही, परराष्ट्र धोरणाचा जाणकार तर अजिबात नाही. वडील पायदळात होते, आम्ही त्यांना दादा म्हणतो. युनिटचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. उत्तर श्रीलंकेत जाफन्याच्या बाजूला रस्त्याखालच्या मोरीत पेरलेला सुरुंग फुटला, पुढच्या गाडीतले जागीच गेले, दादांचा डावा कान गेला आणि मांडीत पोटरीत छर्रे घुसले. एलटीटीईची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांच्या संघटनेची, ही नेहमीची पद्धत होती, वर डांबरी रस्ता, खाली मोरी, मोरीत स्फोटकं आणि लांब झाडीत वायर धरून बसलेला एखादा मिसरूड न फुटलेला पोरगा. आजही दादांना गाडीवर मागे बसवून सिन्नरकडे निघालो की प्रत्येक मोरीच्या अलीकडे माझा खांदा दाबतात. बोलत काहीच नाहीत. पाइपलाइनसाठी रस्ता खोदून नुसती माती लोटून ठेवलेली दिसली तर पलीकडच्या बाजूने जातात, आम्हालाही नेतात. तेव्हा सासरे गच्चीवर गेले याचं वाईट वाटून घेऊ नका, आणि पोराला म्हणावं पुन्हा विचारू नको, आपणहून बोलले तर ऐक.

आता कागदाचं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, बँक पासबुक वगैरे तुम्ही जमवलं असेलच, त्यात जात नाही. आमचं घोडं कुठं अडलं तेवढं सांगतो, कारण तुमच्या पोस्टवरून वाटतं की तुमचंही तिथंच अडलंय.

श्रीलंकेतल्या बऱ्याच जखमींना विमानाने मद्रासला आणायचे. दादांनाही आणलं. त्यामुळे घरातल्या ट्रंकेत जो जुना पिवळा कागद होता त्यावर दवाखान्यात भरती झाल्याचं ठिकाण मद्रास. आम्ही गेलो त्या कार्यालयातल्या साहेबांनी (कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथं चांगली माणसंही असतील, आम्हाला भेटली नाहीत एवढंच) नेमकं त्यावर बोट ठेवलं. "जखम मद्रासची दिसते, म्हणजे पीस स्टेशन." म्हणजे लढाई नसलेलं ठिकाण. मी म्हणलं साहेब, मद्रासला फौजेच्या गाडीखाली सुरुंग कोण लावणार? तर म्हणे असं कागदावर कुठं लिहिलंय, श्रीलंकेत झाल्याचा पुरावा आणा. पुरावा कुठं मिळेल? युनिटच्या रेकॉर्डात. मग मागवा ना तुम्ही. नाही, ते तुम्ही आणायचं. आम्ही तिकडे लिहिलं तर उत्तर आलं की संबंधित कार्यालयामार्फत अर्ज करा, म्हणजे परत तेच टेबल. मधेच साहेब बदलले, नव्या साहेबांना फाइल सापडेना, सापडली तेव्हा त्यात पहिल्या साहेबांचा शेरा होता आणि 'आधीच्या अधिकाऱ्याने लिहिलेलं मी कसं खोडू' हे नवीन सुरू झालं. एकदा तर दादा बाहेर बाकावर बसलेले, शिपायाने डाव्या बाजूच्या दारातून नाव पुकारलं, त्या कानाने ऐकू येत नाही म्हणून तर आलोय ना आम्ही, आणि फाइलवर शेरा काय तर 'अर्जदार गैरहजर'. मी चहा आणायला खाली गेलो होतो. त्या दिवशी दादा पहिल्यांदा म्हणाले, "सोड रे, तिकडून जिवंत आलो तेवढं बास."

शेवटी सुटलं ते असं. दादांच्याच नावाने माहिती अधिकारात अर्ज केला, फक्त स्वतःच्या नोंदींच्या प्रती मागितल्या, जखमेचा अहवाल, पार्ट टू ऑर्डर (युनिटने जवानाबद्दल काढलेली अधिकृत नोंद) आणि मेडिकल बोर्डाचे कागद. का, कसं, कुणामुळे असले प्रश्न अर्जात घालायचे नाहीत, त्यांना टाळायला निमित्त मिळतं. आणि त्या गाडीत असलेले सातारा जिल्ह्यातले एक काका सापडले, त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आमच्या बाबतीत हे चाललं, तुमच्या बाबतीत चालेलच असं छातीठोक सांगत नाही, माजी सैनिकांची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. पण उशीर करू नका, कारण मंजूर झाल्यावर थकबाकी आम्हाला मागच्या तीनच वर्षांची मिळाली, त्याआधीचं सगळं पाण्यात. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, साहेब कितीही गोड बोलला तरी. प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. टायपिंगचं काम नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर बसणाऱ्यांकडून करून घ्या, त्यांना सरकारी भाषा आपल्यापेक्षा बरी येते.

आता तुम्ही म्हणाल याचा मुलाच्या भाषणाशी काय संबंध. सांगतो. या सगळ्या भानगडीत मला प्रश्न पडला की दादा तिथं गेलेच कशाला, आणि मग जे मिळेल ते वाचत गेलो. तुमच्या सासऱ्यांचा कागद जसा 'हे आमचं नाही' म्हणत इकडून तिकडे ढकलतायत ना, तसं त्या अख्ख्या मोहिमेचं झालं.

29 जुलै 1987 ला कोलंबोत करार झाला, सह्या कुणाच्या तर आपले पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने. भांडण कुणाचं होतं? श्रीलंका सरकार आणि तमिळ संघटनांचं, त्यात सगळ्यात जोरदार एलटीटीई. तिची सही कुठंय? नाहीच. तिचा प्रमुख प्रभाकरन, त्याला दिल्लीत आणून हॉटेलात ठेवलं, गळी उतरवायचा प्रयत्न केला, त्याने मनापासून मान्य केलं नाही ते नाहीच. आणि कराराची हमी घेतली आपण! दोन भावांच्या वाटणीत एका भावाची सही नाही आणि शेजारी मात्र जामीन राहिला, असा प्रकार. शस्त्रं 72 तासांत जमा होणार होती, जमा झाली ती दाखवण्यापुरती. वर याच पोरांना 1983 नंतर आपल्याच यंत्रणांनी प्रशिक्षण दिलेलं, हे मुलाने भाषणात टाळू नये, समोरचा नक्की काढेल.

सुरुवातीला जाफन्यात आपल्या जवानांना हार घातले लोकांनी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या एलटीटीईच्या माणसांना कोलंबोला न्यायचं ठरलं, त्यातल्या 12 जणांनी सायनाइड खाऊन जीव दिला, आणि आठवड्याभरात आपण ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याशीच लढायला लागलो. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या 13व्या शीख लाइट इन्फंट्री बटालियनच्या तुकडीतल्या 30 पैकी 29 जणांचा जीव गेला. एलटीटीईकडे एके 47, आपल्या पोरांकडे जुन्या एसएलआर रायफली. नोव्हेंबरात 8व्या महार बटालियनचे मेजर परमेश्वरन गेले, परमवीर चक्र मिळालं. आणि दुसरी बाजूही सांगतो, त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले आपल्या सैन्याच्या गोळीबारात. हार घालणारे लोक नंतर तोंड का फिरवून बसले त्याची कारणं शोधताना हे झाकून कसं चालेल. दादांना हा विषय काढलेला खपत नाही. मी त्यांच्यासमोर काढत नाही, इथं लिहितोय.

मग 1989 ला श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणाले जुलैअखेर निघा. एवढंच नाही, आपल्याशी लढायला त्यांच्या सरकारने एलटीटीईलाच शस्त्रं दिली. म्हणजे ज्या सरकारने बोलावलं तेच सरकार आता आपल्या जवानांवर चालवायला बंदुका पुरवतंय. शेवटची तुकडी मार्च 1990 ला मद्रासला उतरली तर तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. साधारण 1200 जवान गेले, जखमी तीन हजारांच्या वर. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींना एलटीटीईने मारलं. प्रेमदासांनाही 1993 ला एलटीटीईनेच मारलं. कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक श्रीलंकेने बांधलं 2008 मध्ये, आपल्या दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं 2019 ला.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. कुठल्याही यादवीत सैन्य पाठवायचं का, याआधी मी विचारतो की काम झाल्यावर किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या, तो माणूस आज दिसतोय का? 1971 ला बांगलादेशात दिसत होता. निवडणूक जिंकलेला पक्ष, त्याचं कोलकात्यात बसलेलं हंगामी सरकार, मुक्तिवाहिनी, आणि आपल्याकडे आलेले जवळपास एक कोटी निर्वासित. लष्करप्रमुख माणेकशांनी पावसाळ्याआधी घाई केली नाही, डिसेंबरात 13 दिवसांत ढाका, आणि मार्च 72 ला आपलं सैन्य बाहेर. मालदीवलाही दिसत होता, नोव्हेंबर 1988, तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्या सरकारने हाक मारली, आग्र्याहून पॅराट्रूपर रात्रीत उतरले, भाडोत्री बंडखोर पळाले. (ती यादवी नव्हती, उठाव होता, परीक्षक पकडतील, जपून.) श्रीलंकेत असा माणूस नव्हता. उत्तर-पूर्वेत आपल्या पाठिंब्याने जे प्रांतिक सरकार बसवलं ते सैन्य निघताना कोसळलं, मुख्यमंत्री देश सोडून गेले.

म्यानमारला हे लावून बघा. 2021 च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली, 1600 किलोमीटरच्या वर सीमा आपली, मिझोराममध्ये निर्वासित, म्हणजे आपला संबंध नाही असं म्हणता येतच नाही. पण किल्ल्या कुणाला? लष्कराला? पदच्युत खासदारांच्या एनयूजी या समांतर सरकारला? काचिन, चिन, कारेन असे वांशिक गट, प्रत्येकाचं वेगळं सैन्य. म्यानमारमधून मिझोरामला जोडणारा आपला कलादान वाहतूक प्रकल्प ज्या पलेटवावरून जातो ते गावच जानेवारी 2024 पासून अराकान आर्मी या बंडखोर संघटनेच्या ताब्यात आहे, म्हणजे आपल्याच रस्त्यासाठी आपल्याला कुणाशी बोलायचं हेही सरळ नाही. तिथं फौज घातली तर पहिल्या महिन्यात गळ्यात फुलांचे हार आणि पुढे सुरुंगांच्या मोऱ्या.

मुलाची बाजू 'पाठवावं' अशीच असेल तर त्याला रवांडा द्या. 1994, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली आणि संयुक्त राष्ट्रांनी तिथं असलेलं सैन्य वाढवायच्या ऐवजी सुरुवातीलाच कमी करून 270 वर आणायचं ठरवलं. न जाण्यानेही रक्त लागतं हाताला, हे मलाही नाकारता येत नाही, खरं सांगायचं तर याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाहीये. आफ्रिकेतलं सिएरा लिओन 2000 पण आहे, ब्रिटिश थोडक्या सैन्याने गेले, निवडून आलेलं सरकार तिथं होतं. त्याच वर्षी तिथंच कैलाहुनला वेढ्यात अडकलेले, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेले आपले जवान आपल्याच सैन्याने ऑपरेशन खुकरी करून सोडवले, हे पोरांना माहीत नसतं, टाळ्या पडतील. विरोधी मुलगा बहुतेक लिबिया काढणार. 2011 चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव क्रमांक 1973, भारताने मतदान केलं नव्हतं, तटस्थ. तिथला हुकूमशहा गद्दाफी ऑक्टोबरात मेला आणि त्यानंतर तिथं दोन-दोन सरकारं. याला उत्तर तयार ठेवायला सांगा, की लिबियात नुसतं वरून बॉम्ब टाकले, खाली कुणी सांभाळायला नव्हतं. हे उत्तर पुरेसं नाही, पण स्पर्धेपुरतं चालून जाईल.

आणि एक, हे वैयक्तिक आहे म्हणून राहवत नाही. सैन्य 'पाठवावंच' म्हणणारे आमच्या फॅमिली ग्रुपवरही खूप आहेत, रोज सकाळी गुड मॉर्निंगनंतर एखाद्या देशावर चढाई असते. त्यातला एकही त्या कार्यालयाच्या बाकावर दादांशेजारी येऊन बसला नाही, एका चुलत्याची तर गाडी रिकामी उभी असायची. तेव्हा मुलगा 'पाठवावं' म्हणणार असेल तर त्याने एक वाक्य जरूर घालावं, की पाठवताना जखमींच्या नोंदीचं, पेन्शनचं, परत आणायच्या तारखेचं लिहूनच पाठवा. परीक्षकांना आवडेल की नाही माहीत नाही, त्याच्या आजोबांना चालेल.

पाच मिनिटांत हे सगळं बसणार नाही. श्रीलंका आणि रवांडा ठेवा, बाकी कापा. मालदीव आधी कापा.

सासऱ्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर मसुदा मला मेसेज करा, रविवारी बघून देतो. कार्यालयाचं नाव इथं लिहू नका, नंतर त्याच टेबलावर जायचंय तुम्हाला.