इंजेक्शन कपाटात नव्हे, मुलाजवळ हवे

ताई, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या आपल्या मुलाचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन कार्यालयातील कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा शाळेचा आग्रह आहे, हे वाचून राहवले नाही. मी डॉक्टर नाही. मात्रा व टोचण्याची पद्धत आपल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी. खिचडी-कोशिंबिरीतले कूट कसे टाळायचे, हे आपल्याला सांगायला नको.

आमच्या मुलीच्या शाळेचाही हाच नियम होता आणि तो सहलीच्या दिवशीही मोडला गेला नाही. पहाटे बस निघाली तेव्हा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते लिपिक आले नव्हते, म्हणून इंजेक्शन शाळेतच राहिले. गडाच्या पायथ्याशी मैत्रिणीच्या डब्यातली चटणी खाल्ल्यावर मुलीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. बाईंनी सेटिरिझिन ही ॲलर्जीची साधी गोळी दिली आणि उतार पडण्याची वाट पाहिली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी पाहताक्षणी मांडीत ॲड्रेनलिन टोचले, म्हणून ती सावरली. नंतर शाळेने आम्हाला लेखी कळवले की औषध नियमानुसार सुरक्षित ठेवलेले होते. त्या पत्राचा संताप अजून ओसरलेला नाही.

सेटिरिझिन किंवा एव्हिल यांसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज आणि गांधी कमी होतात, पण घशाची सूज आणि घसरणारा रक्तदाब त्यांनी आवरत नाही. म्हणून श्वास, आवाज किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसला की ॲड्रेनलिनला उशीर करू नये, असे माझे ठाम मत आहे. टोचल्यावर मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसू द्यावे, चालवू मात्र नये. १०८ ला फोन करावा आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आपल्याकडे ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ठरलेली मात्रा आधीच भरलेले, मांडीवर दाबताच टोचणारे पेन, सहज मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या हाती १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेली काचेची अँप्यूल (मान तोडून उघडायची लहान कुपी) आणि सिरिंज असते. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. सिरिंजवर नेमक्या मात्रेची खूण डॉक्टरांकडून करून घ्या आणि मुदत संपलेल्या अँप्यूल फोडून, औषध ओढून हात बसवा, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातात अँप्यूलची मान नीट तुटत नाही. दुसरा डोस लागू शकतो, म्हणून संच दोन हवेत. औषध उजेडापासून दूर, २५ अंशांच्या आत ठेवावे. फ्रीजमध्ये नको, उन्हातल्या गाडीत तर नकोच. गुलाबी किंवा तपकिरी छटा दिसली की ते टाकून द्यावे.

शाळेच्या तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही. मुलाचे छायाचित्र, लक्षणे आणि मात्रा असलेले डॉक्टरांचे पत्र मुख्याध्यापकांना देऊन पोच घ्या. वर्गशिक्षिकेसह आणखी एका शिक्षकाला टोचायला शिकवण्याची आणि वर्ग मैदानावर वा सहलीला गेला की औषधाची पिशवी सोबत नेण्याची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी लिहून मागा.