भरती न होता दारू सुटते का?

या वेळी दारू आणि मनाच्या आजारावर बरीच पत्रं आली. ऐन हंगामात घरचा माणूस तीन महिने केंद्रात ठेवणं परवडत नाही, मग घरून ये-जा करून उपचार होतो का, हा त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान चाळीस वर्षांचे आहेत. रोज देशीचे दोन पव्वे, कधी तीन. सकाळी हात थरथरतात म्हणून तोंड धुतल्याबरोबर थोडी घेतात. एका केंद्रात तीन महिने ठेवा म्हणतात. कापूस घरी यायचा आहे, लेकरं लहान, सासूबाई अंथरुणावर. सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणता येईल असा उपचार असतो का? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, असतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन तास, आणि रात्री माणूस आपल्या घरी. आठवड्याला निदान नऊ तास हे या उपचाराचं ठरलेलं माप आहे. त्याहून कमी असेल तर ती साधी ओपीडी झाली. साधारण 8 ते 16 आठवडे हा क्रम चालतो, मग आठवड्यातून एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा. बहुतेक रुग्णांना याचा गुण भरतीइतकाच येतो असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. मात्र त्या वेळी माणसाची तब्येत स्थिर हवी आणि घरात दारू नको.

तुमच्या यजमानांची तब्येत आज तशी स्थिर नाही. देशीच्या 180 मिलीच्या एका पव्व्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे रोज 120 ते 180 ग्रॅम. सकाळची थरथर दारूनेच थांबते याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. म्हणून पहिले पाच-सात दिवस यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या मानसोपचार विभागात भरती करा आणि तिथून सुटल्यावर ये-जा सुरू करा. मुदत शेवटी डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तीन महिने घराबाहेर ठेवायची गरज आम्हाला दिसत नाही.

त्या तीन तासांत काय होतं ते माहीत असू द्या, नाहीतर ‘नुसत्या गप्पा मारतात’ असं वाटून माणूस दुसऱ्या आठवड्यात यायचा थांबतो. आधी बीपी, झोप आणि भुकेची चौकशी, श्वासाची किंवा लघवीची तपासणी, आणि समोर बसवून गोळी. मग आठ-दहा जणांचा गट. गटात प्रत्येक जण मागच्या दोन दिवसांतली तलफ सांगतो : किती वाजता आली, कुठे होतो, सोबत कोण होतं, पोटात काही होतं का, डोक्यात काय आलं, मी काय केलं. हे सगळं वहीत लिहून आणायचं असतं. लिहिता येत नसेल तर मुलीने लिहून द्यावं. पंधरा दिवसांत त्या वहीत एक ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा दिसू लागते. शेतातून उपाशी परतायची वेळ, मजुरी हातात पडते ती टपरी, आठवडी बाजाराचा दिवस, जिनिंगमधून कापसाचा चुकारा मिळतो तो दिवस. मग उपाय त्या जागेवरच करायचा. घरी आल्याबरोबर आधी जेवण, आंघोळ नंतर. चुकाऱ्याच्या दिवशी सोबत भाऊ. पैसे खात्यात, आणि ते कसे काढायचे हे यजमानांच्या संमतीने आधीच ठरलेलं. तलफ बहुधा पंधरा मिनिटं ते अर्धा तास जोरात असते, मग ओसरते. तेवढा वेळ कुठे आणि कोणासोबत काढायचा हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं, कारण तलफेच्या भरात ते सुचत नाही. तिसरा तास समुपदेशकाशी एकट्याने बोलण्याचा, आणि आठवड्यातून एकदा घरच्यांसोबत. त्या दिवशी तुम्हीही बसा.

तालुक्याच्या ठिकाणी असा तयार कार्यक्रम क्वचितच मिळतो, तो जुळवावा लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी येतं ते आशाताईंना विचारा. आठवड्यातला एक दिवस डॉक्टरांचा, एक समुपदेशकाचा, एक अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेचा, असे तीन दिवस भरतात. सभेला पैसे लागत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचकांना मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्ती अभियानाच्या तालुका क्लिनिकचा आधार आहे. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर ती नेमकी तलफेच्या वेळेला येते. तिथे रोज जाणं ही उपचाराला मोठी जोड आहे. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट लागतं, तेव्हा सुरुवातीला सोबत जायला संकोच करू नका. फेऱ्या चुकू लागल्या तर बहुतेक वेळा पैशांपेक्षा बसची वेळच आडवी आलेली असते. परतीची शेवटची गाडी पाहूनच समुपदेशकाची वेळ ठरवा.

प्रश्न : भावाने माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चालताहेत म्हणाला, मेलेल्या काकांशी बोलला. लोकांनी बाहेरचं झालं म्हणून मांत्रिकाकडे नेलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. आता बरा आहे. असं का झालं? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

भाऊ, हे बाहेरचं नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती अचानक काढून घेतली की मेंदू भलताच उत्तेजित होतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो : किडे, साप, मेलेली माणसं दिसतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप येतो, नाडी धावते. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. तुमचा भाऊ वाचला, पण पुढच्या वेळी भ्रमाचा किंवा फिटचा धोका जास्त असतो. त्याने पुन्हा सुरू केली आणि पुन्हा सोडायची वेळ आली, तर ते भरती होऊनच करायचं.

माळेला आमचा विरोध अजिबात नाही. माळेच्या जोरावर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माणसं विदर्भातल्या गावोगावी आहेत. माळेची तारीख ठरवा आणि त्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा, एवढंच.

आता सलाईनचं. न जेवणाऱ्या पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. अशा वेळी नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर ती साखर वापरताना उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे तिरळे होणं, चाल लटपटणं, गोंधळणं ही त्याची चिन्हं. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान सोबत, द्यायचं असतं. ‘हा रोज दारू पितो, बी-1 दिलं का?’ एवढं डॉक्टरांना विचारलं तर कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

घरी राहून दारू सोडवताना डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि पाच-दहा दिवसांत ती कमी करत बंद करतात. या दिवसांत रोज, निदान दिवसाआड, तपासणी हवी. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात आणि एका वेळी एक-दोन दिवसांपुरत्याच. तो प्यायला असेल तर गोळी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो. गोळ्या चालू असेपर्यंत मोटरसायकल, थ्रेशर आणि विहिरीवरची कामं बंद. आधी फिट किंवा भ्रम येऊन गेलेला, कावीळ किंवा पोटात पाणी झालेलं, उलटीमुळे काही टिकत नाही, डोक्याला मार लागलेला, गरोदर बाई, जीव देण्याचं बोलणारा, किंवा घरात शुद्धीत असलेलं एकही मोठं माणूस नाही, अशांनी घरी प्रयत्न करू नये. फिट आली किंवा भ्रम झाला तर 108 ला फोन करा.

प्रश्न : दारूचा तिटकारा आणणारी गोळी मिळते म्हणे. मुलाला न सांगता चहात घालून देऊ का? (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

नाही, काकू. ती डायसल्फिराम. तिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जीव जातो. गोळीचा परिणाम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला हे माहीतच नाही तो पिणारच. शिवाय एकदा कळलं की मुलगा घरचं अन्नही संशयाने खातो आणि पुढच्या उपचाराचा रस्ता बंद होतो.

त्याची तयारी असेल तर मात्र ही गोळी चांगली आहे. शेवटच्या पेल्यानंतर निदान चोवीस तास गेल्यावर, लिव्हर आणि हृदयाची तपासणी करून, रोज सकाळी तुमच्यासमोर घ्यायची. तेव्हा कुमारी आसव, द्राक्षारिष्ट असली औषधं आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं पातळ औषधही चालत नाही, कारण आसव-अरिष्टांत आंबवण्यातून अल्कोहोल तयार झालेलं असतं. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधं वेगळी आहेत. त्यांच्यावर प्यायल्यास अशी रिअ‍ॅक्शन येत नाही. नाल्ट्रेक्सोनला लिव्हर आणि अ‍ॅकॅम्प्रोसेटला किडनी ठीक लागते. यांपैकी कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर मुलासोबत बसून ठरवतील.

प्रश्न : दिराची सोयाबीन गेली, कर्ज आहे. पितात, रात्रभर जागतात, ‘आता जगून काय’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडा, मग मनाचं पाहू. बरोबर आहे का? (ता. मोर्शी, जि. अमरावती)

नाही, ताई. दोन्ही एकाच वेळी आणि शक्यतो एकाच ठिकाणी पाहायचं असतं. दारूमुळे येणारी उदासी बहुधा दोन ते चार आठवडे कोरडे राहिल्यावर ओसरते, म्हणून काही डॉक्टर थांबतात. पण उदासी दारूच्या आधीपासून असेल किंवा मधल्या कोरड्या काळातही होती, तर थांबू नये. आणि ‘जगून काय’ हे शब्द ऐकल्यावर तर एक दिवसही नाही.

त्यांना आजच, एकटे असताना, सरळ विचारा : ‘भाऊजी, जीव द्यायचा विचार येतो का? कसं करायचं ठरवलंय?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना सांगायला माणूस मिळाल्याचं हलकं वाटतं. घरातलं आणि शेतातल्या कोठ्यातलं फवारणीचं औषध आजच बाहेर काढा, कुलूपबंद पेटीत दुसऱ्याच्या घरी ठेवा, किल्ली त्यांच्याकडे नको. असा विचार अनेकदा थोड्या वेळापुरता अनावर होतो, आणि त्या वेळी डबा हाताशी नसणं यावर जीव वाचणं अवलंबून असतं. पिऊन असताना त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारचा प्रेरणा प्रकल्प अमरावतीसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पोलीस केसची भीती कुणी घालत असेल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगा : जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो आणि त्याच्यावर खटला चालवू नये असं म्हणतो.

उदासीवरच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ पहिल्याच आठवड्यात येते. म्हणून लोक दहाव्या दिवशी गोळी सोडतात. ती सवय लावणारी नसते, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी मात्र सवय लावते. ती देऊ नका.

प्रश्न : अडीच महिने कोरडा होतो. पोळ्याला मित्रांनी आग्रह केला, एक पव्वा घेतला. आता तोंड कसं दाखवू? (ता. आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, उद्याच उपचाराच्या गटात जा आणि आल्याबरोबर सांगा. गटात असे दिवस सगळ्यांचे येतात आणि त्याच चर्चेतून गट सर्वांत जास्त शिकतो. एका पव्व्याने अडीच महिन्यांची सुधारणा पुसली जात नाही. घात होतो तो ‘गेलंच आता’ म्हणून दुसऱ्या दिवशी घेतलेल्या पव्व्याने. डायसल्फिराम चालू असेल तर आज डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका. वहीत पोळ्याच्या आदल्या दिवसापासून लिहा : बैल धुताना कोण होतं, जेवण कधी झालं, नकार कोणत्या शब्दांत दिला. ‘आज नको’ म्हटलं असेल तर मित्रांनी ‘उद्या घे’ असं ऐकलं. ‘मी सोडली आहे, उपचार चालू आहेत’ हे वाक्य गटात चारदा मोठ्याने म्हणून पाहा. तान्ह्या पोळ्याला लेकरांसोबत राहा.

प्रश्न : दारू सुटली, पण खर्रा वाढला. दिवसाला सहा-सात पुड्या. एका वेळी एकच व्यसन सोडावं ना? (ता. उमरेड, जि. नागपूर)

दोन्ही सोबत सोडता येतात. तंबाखू सोडल्याने दारूचा संयम ढळत नाही. गटाच्या सुट्टीत खर्रा फिरतो तिथून उठा. तंबाखूच्या तलफेवर निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, पण ते खर्र्यासारखं सतत चघळल्याने उचक्या लागतात, पोटात जळजळ होते आणि मग ‘मला चालत नाही’ म्हणून लोक ते टाकतात. तिखट लागेपर्यंत हळू चावा, मग गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा नको. उठल्यावर अर्ध्या तासात पहिला खर्रा लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 मिलिग्रॅमचं. फोनवरून मदत हवी असेल तर 1800-11-2356. आणि आज आरशासमोर तोंड उघडून पाहा : आपली तीन बोटं उभी आत जात नसतील, तर खर्र्याने तोंड आखडत चाललेलं असू शकतं, दंतचिकित्सकाची वेळ याच आठवड्यात घ्या.