वाचक विचारतात : हॅम्बुर्गने बीटल्सना काय दिलं?

प्रश्न : लिव्हरपूलची ही पोरं जर्मनीत जाऊन एवढी तयार कशी झाली?

उत्तर : तासांच्या हिशेबाने. 17 ऑगस्ट 1960 रोजी हा ब्रिटिश रॉक बँड हॅम्बुर्गच्या इंद्रा क्लबमध्ये उभा राहिला. आठवड्याच्या दिवशी साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. लिव्हरपूलमध्ये तासाभराच्या कार्यक्रमात ठरलेली गाणी पुरत. इथे ती संपून जात. मग एकच गाणं दहा-पंधरा मिनिटं ताणायचं, सोलो (एकाच वाद्याचा तुकडा) पुन्हा घ्यायचा, नवी गाणी बसवायची. मालक ‘माख शाउ’, म्हणजे ‘तमाशा दाखवा’, असं ओरडायचा. म्हणून पाय आपटणं, उड्या. तेव्हाचा बीटल्सचा ड्रमर पीट बेस्ट याचा बास ड्रमवरचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरचा) जड, सरळ ठोकाही गोंगाटात नाचणाऱ्यांना धरून ठेवण्यासाठीच होता. झोपायला बांबी चित्रपटगृहाच्या पडद्यामागची खिडकी नसलेली खोली!

ऑक्टोबरपासून कैझरकेलर या हॅम्बुर्गच्याच दुसऱ्या क्लबमध्ये लिव्हरपूलच्याच रोरी स्टॉर्मच्या बँडशी पाळीपाळीने वाजवणं सुरू झालं. त्यांचा ड्रमर होता रिंगो स्टार, जो पुढे बीटल्सचा ड्रमर झाला, आणि खरी कमाई आम्हाला ही ओळखच वाटते. नोव्हेंबरात बीटल्सचा गिटारवादक, 17 वर्षांच्या जॉर्ज हॅरिसनला वय कमी म्हणून परत पाठवलं गेलं. पण बँड परतल्यावर 27 डिसेंबरला लिव्हरपूलजवळच्या लिदरलँडच्या सभागृहात ऐकणाऱ्यांना फरक लगेच कळला.